आधी पत्ता सांगा

मित्रांनो, मी एक जुना आगीचा बंब आहे. हल्ली बागेत, घसरगुंडीशेजारी उभा असतो. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण कोणी काढली कोण जाणे, माझा तिच्यावर भारी राग होता. मी कधी वाट चुकलो नाही.

आमच्या केंद्राची एक रीत होती. घंटा झाली की चालक मला आधी फाटकाबाहेर काढायचा आणि फोन घेणारा मागून धावत येऊन पत्ता ओरडायचा. आग कोणाची, हे कळेपर्यंत आम्ही रस्त्याला लागलेलो असायचो. चालक तापट, नळीवाला थंड डोक्याचा, पण दोघे एकाच डब्यातले जेवत. मुले आमच्यामागे धावत आणि मी हुरळून जाई.

पुढे वाईट दिवस आले. कारखाने बंद पडले, केंद्राचे छप्पर गळू लागले, आम्हाला कोणी ढुंकून पाहीना. तेव्हा एक पक्ष आला. त्यांच्या पुढाऱ्याने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “खरे रक्षक तुम्हीच! परक्यांनी तुमच्या तोंडचा घास पळवलाय.” छप्पर दुरुस्त झाले, मला नवा रंग मिळाला. खोटे कशाला सांगू, मलाही बरे वाटले. मिरवणुकीत मला चालवताना चालकाचे डोळे भरून आले. किती वर्षांनी त्याला कोणीतरी ‘साहेब’ म्हटले होते!

परके म्हणजे पूर्वी नदीपलीकडून आलेली माणसे. नळीवाल्याचे आजोबा त्यांच्यातलेच.

“अरे, तुझ्याबद्दल नाही बोलत ते,” चालक त्याला म्हणायचा.

पक्ष निवडून आला आणि नळीवाल्याला घरी बसवण्यात आले. चालक एकटाच डबा खाऊ लागला. केंद्रावर पक्षाने नेमलेल्या नव्या प्रमुखांनी रीतही बदलली. आधी पत्ता, मग गाडी.

एका दुपारी फोन वाजला. चालकानेच उचलला. पलीकडून नळीवाला ओरडत होता, “दादा, मी बोलतोय! जिना पेटलाय, आई वर अडकलीय!”

चालकाने धावत येऊन किल्ली फिरवली. प्रमुख फाटकात आडवे आले.

“पत्ता?”

चालकाने सांगितला.

“त्या गल्लीत? थांब, आधी खात्री करू. सापळा असायचा.”

“साहेब, त्याचा आवाज ओळखतो मी.”

“आणि तेवढ्यात आपल्या वस्तीत आग लागली तर?”

माझी टाकी भरलेली होती, इंजिन चालू होते. चालकाचा पाय क्लचवर होता, पण त्याने तो उचलला नाही. कुंपणावरून धूर दिसू लागला, तरी आम्ही उभेच.

परवानगी मिळून पोचलो, तेव्हा त्या घरात वाचवण्यासारखे कोणी उरले नव्हते. चालकाला पुढे जाववेना. नळीवाला आमच्याकडे आला. आता हा शिव्या घालणार, असे मला वाटले. त्याने माझ्या नळीला पडलेला पीळ सोडवला.

“शेजारचं घर वाचेल अजून,” तो म्हणाला. “पाणी सोड.”

चालक पुढे फार जगला नाही. तो फोन मला अजून ऐकू येतो. बागेत कोणी नसले की जास्तच येतो.

परवा तुमच्यातली काही मुले माझ्यावर चढून बंब-बंब खेळत होती. खालून एक मुलगी ओरडली, “माझ्या घराला आग लागली!”

“तुझ्याकडे नाही येणार,” वरचा मुलगा म्हणाला. “तू आमच्यातली नाहीस.”

सगळे हसले. मित्रांनो, माझ्या चाकांत हवा नाही, टाकीत पाणी नाही. तुम्ही तरी तिच्या घरी जा.