उलटा लिलाव

बोईसरच्या आमच्या कारखान्यात बर्फाळ देशांतल्या पोरांचे कोट शिवतात. वर तापलेला पत्रा आणि मांडीवर लोकरीचं अस्तर! मी स्नेहल, ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. त्या दिवशी मालकांनी, मितेशशेठनी, माझ्या कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली, कारण परदेशातल्या कंपनीचा पुढच्या हंगामाचा लिलाव होता. नारळ फोडायला मशीनवरून रंभाबाईला बोलावलं. तिच्या हाताला यश आहे, असं शेठ मानतात. यश हाताला, पगार मात्र तोच.

लिलाव असा, की वेगवेगळ्या देशांतले कारखाने एकाच वेळी कोटाचा भाव टाकतात. कोण कुठला ते कळत नाही, पडद्यावर नुसते नंबर दिसतात. ज्याचा भाव सगळ्यात कमी, त्याला ऑर्डर.

नारळ फोडून रंभाबाई तिथेच उभी राहिली. किनाऱ्यावरच्या मुरबे गावची कोळीण ती, बंदरावरचे लिलाव बघत म्हातारी होत आलेली. पडद्यावरचा आकडा खाली येताना बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय गो, हा भाव उतरतो कसा?"

"इथे उतरवायचाच असतो, रंभाबाई."

"आन इकणारा गप बसतो?"

तीन नंबर आमच्या खाली गेला. शेठ मॅनेजरला म्हणाले, "दुपारचा चहा बंद." मी आकडा टाकला. तीन नंबर आणखी खाली गेला. "पंखे निम्मेच लावा." मी पुन्हा आकडा टाकला. तीन नंबर हटेना. शेठनी घाम पुसला.

"मुरब्याची गाडी बंद. टाक, स्नेहल."

ही गाडी म्हणजे कारखान्याची बस. पाळी सुटते तेव्हा अंधार झालेला असतो, आणि त्या बसच्या भरवशावर घरचे बायकांना कामाला पाठवतात. रंभाबाईची सून सपना बाळंतपणानंतर नुकतीच परत आली होती. बस गेली की तिचं काम गेलं.

"शेठ," रंभाबाई म्हणाली, "भाव पडला तर आमी पाटी उचलतो. म्हावरं सुकवतो, पन मातीमोल देत नाय. तूपन उचल पाटी."

"उचलली तर ऑर्डर तीन नंबरला जाते."

"त्या तीन नंबराकडं कोन शिवतं?"

"बायकाच असतील."

"मंग त्यांची गाडी तर आदीच गेली असंल."

शेठनी मला पुन्हा खूण केली. माझं बोट हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच बटण दाबलं. ऑर्डर मिळाली, पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

आठवड्याभरात कंपनीचा मेल आला. आम्ही न्याय्य व्यापार मानतो, तुमच्या महिला कामगारांना सुरक्षित वाहन मिळतं याचा फोटो पाठवा. माझं डोकंच फिरलं. भाव पाडून गाडी गिळणारेही हेच, आणि गाडीचा फोटो मागणारेही हेच! चोर तो चोर, वर शिरजोर.

शेठनी बंद केलेली बस धुऊन घेतली, तिला हार घातला आणि मुरब्याच्या बायकांना आत बसवलं.

"जरा हसा. फोटो झाला की उतरा आणि आपापल्या रिक्षा बघा."

पुढच्याच सीटवर रंभाबाई होती, शेजारी फोटोपुरती बोलावलेली सपना. रंभाबाईने पदर खोचला.

"बसलो ते बसलो. आता उतरत नाय. प्रीतम, मुरब्याला घे गाडी."

ड्रायव्हर प्रीतमने आरशातून शेठकडे बघितलं, मग बायकांकडे बघितलं आणि किल्ली फिरवली. शेठ धावत आले आणि बसचा पत्रा बडवायला लागले. "उतरा! आधी खाली उतरा सगळ्या!"

फोटो काढायचा अजून राहिलाच होता. मी मोबाइल वर केला. हार घातलेली बस, आत न हसणाऱ्या बायका आणि बाहेर मूठ उगारलेले शेठ, सगळे नीट मावले. माझी नोकरी जाणार हे मला कळत होतं. पण कंपनीने फोटोच मागितला होता ना?

मी तोच पाठवला.