सरवा

पहिल्या निवडणुकीच्या सालची गोष्ट. तिरोड्याजवळच्या एका गावात प्रभुदासचं तेवढं एक घर ख्रिस्ती. रोज सकाळी तो ओसरीवर बसून पवित्र शास्त्राचं एक पान मोठ्यानं वाची. एखाद्या दिवशी खंड पडला तर त्याला जेवण गोड लागत नसे. शेजारची विधवा धुरपता ख्रिस्ती नव्हती, पण गोष्टींच्या ओढीनं कुंपणाशी येऊन ऐकत बसायची.

आजही ती आली. मांडीवर टोपली होती, रिकामी. धान कापल्यावर बांधीत पडून राहिलेल्या लोंब्या, म्हणजे सरवा, गोरगरिबांनी वेचायचा हा गावाचा जुना रिवाज. काल ती प्रभुदासच्या शेतात वेचायला आली तेव्हा त्यानं तिला बांधावरूनच हाकलून लावलं होतं, आणि घरची माणसं लावून एकूण एक लोंबी आपल्या खळ्यावर आणली होती.

त्यानं पान उलटलं आणि तो थबकला. शेत कापशील तेव्हा सरवा वेचू नको, तो गरिबासाठी राहू दे, असं देव मोशेला बजावत होता. प्रभुदासचा आवाज आपोआप खाली गेला.

"मोठ्यानं वाच ना बापू," धुरपता म्हणाली, "काहीच आयकू नाही येऊन राहिलं."

ओळ गाळून पुढं जावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण बोट तिथंच अडकलं होतं. मान खाली घालून त्यानं ती वाचली.

धुरपतानं मांडीवरची टोपली खाली ठेवली. मग टोमणा नव्हे, अगदी साध्या मनानं तिनं विचारलं,

"चांगला देव हाय बापू. कोन्या गावचा हाय?"