रुपरावचा अंगठा

बस गा, इथं सावलीत बस. कोराडीच्या बसले अजून वेळ आहे. तोवर तुले एका अंगठ्याची गोष्ट सांगतो. गोष्ट भर दुपारची हाये, पण ऐकून हातपाय गार पडतीन तुहे.

भैरवी गजभिये मॅडम म्हणजे मेलेल्या जनावराइची डॉक्टर. ढोर काहून मेलं, ते त्याले फाडून सांगायचं आन् विद्यापीठातल्या पोरापोरीले तेच शिकवायचं, हे तिचं काम. तिच्या हाताखाली रुपराव. सत्तावीस वर्षं त्याच पोस्टमार्टमच्या खोलीत. गडी लाखाचा, पण एक खोड वाईट. टेबलावर आलेल्या जनावराचं तोंड तो आधी ओल्या फडक्यानं पुसून काढे. गाय असो का कुत्रं. लेक सासरी धाडताना तोंड धुवून धाडतो नं आपण, मंग याइनं काय पाप केलं, म्हणे. आन् तेबी उघड्या हातानं. रबरी मोज्यातून हाताले काही समजतच नाही म्हणे. भैरवी रागवे, हा मान हालवे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एक दिवस ती खरंच चिडली. तवा रुपरावनं कान पकडले, आता नाही करत म्हणून.

आन् दुसऱ्याच दिवशी ती गाय आली.

बुटीबोरीकडच्या खेड्यातला गोपाळराव टेम्पोत घालून घेऊन आला. सकाळी चांगला कडबा खाल्ला, दुपार व्हायच्या आत धाडकन पडली, साप चावला असन, असं त्याचं म्हणणं. भैरवी वर्गावर होती. ती येईपर्यंत गाय टेबलावर.

आता पाय, असं धडधाकट जनावर अचानक गेलं, की पयले त्याचं नाक पायायचं असते. काळं रक्त आलं असन, त सुरी लावायचीच नाही. कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं आन् तपासायचं. काहून, त फाशी नावाचा रोग असते, डॉक्टर लोक त्याले अँथ्रॅक्स म्हणते. त्याचा किटाणू बंद मढ्यात सडून मरते. पण पोट फाडून हवा लागली, का तो कवच घालून बसते, वर्षानुवर्षं मरत नाही. आन् माणसालेबी धरते.

गाईचं नाक लख्ख होतं. भैरवीनं सुरी लावली.

आत रक्त कसं, जळलेल्या ऑइलसारखं. थिजायचं नावच घेत नव्हतं. मंग पाणथरी, म्हणजे प्लीहा, दिसली. फुगून तिप्पट झालेली, बोट लावलं त चिखलावानी. भैरवीचा हात जागीच थांबला. दार लावायले सांगतलं, औषधाचं पाणी ओतलं, काच घेऊन मायक्रोस्कोपपाशी गेली. निळ्या काड्या. एकीले एक लागून, रांगच्या रांग, वरून गुलाबी गलेफ. फाशीच होती.

तिले सोताचं भेव वाटलं, पण तिच्या हातात मोजे होते, तोंडाले मास्क होता. ती परत आली आन् रुपरावले विचारलं, नाकाले रक्त होतं का. नव्हतं म्हणे. पुसलं का. नाही, शपथ घेतली नं काल. हे बोलताना त्याचा उजवा हात पाठीमागं. वरून म्हणते कसा, नात बस स्टॉपवर वाट पायते, जाऊ द्या मले.

भैरवी दारात आडवी उभी राहिली.

"रुपरावजी, कानाचं रक्त न घेता सुरी मी लावली. चूक माही आहे. तुमाले कोणी काही म्हणणार नाही. फक्त हात दाखवा."

मंग रुपरावनं हात पुढं केला. अंगठ्याले पत्र्यानं कापलेलं, दोन दिवसांचं, अजून ओलं.

"लय रक्त होतं मॅडम," तो म्हणाला. "असं कसं तुमच्यापुढं ठेवू तिले, वाटलं."

तशीच रिक्षा केली आन् दवाखाना गाठला. तिनं सोता डॉक्टरले सगळं सांगतलं, सुया सुरू झाल्या. तिकडं गोपाळरावच्या घरच्याइले गोळ्या गेल्या, गाय खोल खड्ड्यात चुन्यासंगं गेली. तिसऱ्या दिवशी अंगठ्यावर फोड आला, पाचव्याले काळा पडला, जसा कोळसा. भैरवी रोज जाऊन दाबून पाये. दुखते का? नाही म्हणे, काहीच नाही, बरं हाये. तो जसा बरं म्हणे, तसा तिचा जीव खालीवर होये, कारण हा रोग दुखतच नाही. सूज मनगटावर चढली. तिनं पेनानं तिथं रेघ मारली. दुसऱ्या सकाळी सूज रेघेच्या वर चार बोटं. तिनं दुसरी रेघ मारली, कोपराच्या खाली, आन् त्या दिवशी घरी गेलीच नाही. बाकड्यावर बसून राहिली, डोळे त्या हातावर. रुपराव तिलेच म्हणे, घरी जा मॅडम, तुमचं तोंड पाहून मलेच भेव लागून राहिलं.

सूज रेघेपाशी आली. थांबली. दोन दिवस तिथंच अडून राहिली, आन् मंग हळूहळू उतरली.

वाचला गा तो. कामावरबी आला. पण गोष्ट अजून मिटली नाही. पोट फाडलं तवा जे उडालं, ते श्वासातून छातीत गेलं असन, त महिनाभर गप बसून मंग उठू शकते. म्हणून दोघाइलेबी साठ दिवस गोळ्या. मॅडम घेते घड्याळ लावून. रुपरावचं तसं नाही. त्याले बरं वाटून राहिलं, तोंड कडू होते म्हणते, आन् पाकीट खिशात तसंच राहते. अजून एकोणीस दिवस आहेत.

तू रोज त्याच्याच बसनं जातो. अंगठ्याचं नको विचारू, लाजते तो. पण बाजूले बसला, का सकाळची गोळी घेतली का, इतकं विचारत जा. आन् घेतली नसन, त तुह्यासमोर घ्यायले लाव बापा.