चाळणीखालच्या चांदण्या

"हा बारीकच आहे की, बाई," असं म्हणत दुकानदाराने पास्त्याचं पाकीट काउंटरवर टाकलं.

वहिनींनी पाकिटावरून अंगठा फिरवला. आत शंख होते. लहान होते, पण हवे तेवढे लहान नव्हते.

"याहून बारीक हवा. तांदळाच्या दाण्याएवढा."

"मग तांदूळच न्या ना!"

मागचं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. वहिनींनी सगळी नोकरी बस डेपोच्या तिकीट खिडकीत काढली होती. काचेच्या भोकातून येणारे टोमणे ऐकून ऐकून त्यांचे कान निबर झाले होते.

"भाताचा गोळा होतो आणि तो घशाखाली अडकतो," त्या म्हणाल्या. "माझ्या नणंदेची अन्ननलिका आक्रसलीय. बारीक पास्ता असला तर दाखवा, नसला तर नाही म्हणा."

दुकानदार वरमला. "नाही हो आपल्याकडे. लोक मोठाच मागतात. पुढच्या दुकानात बघा."

पुढच्या दुकानात नळ्या होत्या. त्याच्या पुढच्यात मळसूत्री पिळाचा होता. कोपऱ्यावरच्याने तर "बारीक पास्ता कसला, पास्ता तो पास्ता!" म्हणून त्यांना वाटेला लावलं. वहिनी रिकामी पिशवी घेऊन घरी परतल्या.

नणंदेला त्या वन्सं म्हणत आणि वन्सं त्यांना वहिनी. ते ऐकून अख्खी इमारतच त्यांना वहिनी म्हणायला लागली होती. वन्संनी लग्न केलं नव्हतं. चष्म्याच्या एका दुकानात नोकरी करून त्या भावाच्या घरातच राहिल्या. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही, पण बोलणंही झालं नाही. भाऊ म्हणजे दोघींमधलं टपाल होता. "तिला सांग, दूध नासलंय." "वन्संना सांगा, मला उशीर होईल." गेल्या वर्षी तो गेला आणि टपाल बंद पडलं. दोन खोल्यांत दोन बायका उरल्या, आणि दूध नासल्याचं सांगायलाही मध्ये कुणी राहिलं नाही.

त्यात वन्संचं हे दुखणं निघालं. इस्पितळातून घरी आल्या तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, सगळं पातळ, सगळं मिक्सरमधून काढलेलं. वन्संनी ते आठवडाभर निमूट गिळलं आणि एका दुपारी वाटी बाजूला सारली.

"वहिनी, हे खाताना मला भिंतीला लावायचा चुना आठवतो," त्या म्हणाल्या. "इस्पितळात शेवटच्या दिवशी सूप दिलं होतं बघा. त्यात इवल्या इवल्या चांदण्या होत्या, पास्त्याच्या. त्या जात होत्या खाली. जिभेला काहीतरी लागत होतं."

एवढं सगळं त्या वहिनींशी पहिल्यांदाच बोलल्या असतील. वहिनींनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मऊ शिजवा, एकेक चमचा द्या, चालेल. दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी दुकानं पालथी घालायला सुरुवात केली.

चांदण्या मिळाल्या त्या शेवटी काचेच्या दाराच्या मोठ्या दुकानात, वरच्या फळीवर, परदेशी खोक्यात. किंमत वाचून वहिनींनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. तरी खोकं घेतलं. घरी येऊन किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, पण अर्धी राहिलीच. चष्म्याच्या दुकानात जन्म घालवलेल्या वन्संच्या नजरेतून ती सुटणार थोडीच!

"एवढे? आणि एवढ्याशा खोक्याला?"

"खा हो तुम्ही."

"खाईन, पण हे एकच. पुन्हा आणलंत तर तोंड उघडणार नाही. तुमच्या पेन्शनीवर मी सोन्याच्या चांदण्या गिळत बसू?"

खोकं संपलं तेव्हा वहिनींनी स्वस्तातली लांब काड्यांची स्पॅगेटी आणली, फडक्यात गुंडाळली आणि वरून लाटणं फिरवलं. तुकडे झाले, पण एक आखूड, एक लांब. तिसऱ्याच चमच्याला वन्संना ठसका लागला तो थांबेना. चेहरा काळानिळा पडला. वहिनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत राहिल्या. श्वास परत आला तेव्हा वन्संच्या आधी वहिनीच घटाघटा पाणी प्यायल्या.

"माझ्या जिवावर उठलात की काय!" वन्सं घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. वन्सं गडबडल्या. "अहो, थट्टा केली मी."

वन्संना थट्टा करता येते, हे वहिनींना तोवर ठाऊकच नव्हतं.

मग कुणीतरी मालधक्क्यामागच्या ठोक बाजाराचं सांगितलं. तिथे एका अंधाऱ्या गाळ्यात, साबणाच्या पेट्यांच्या आड, उघड्या तोंडाची गोणी होती. वहिनींनी हात घातला. ओंजळीत चांदण्या आल्या. बऱ्याचशा टोकं मोडलेल्या.

"चाळणीखालचा माल आहे," व्यापारी म्हणाला. "कारखान्यात मोठा पास्ता वेगळा काढतात, खाली हा उरतो. कुणी विचारत नाही. कोंबड्यांसाठी नेतात लोक."

"कसा दिला?"

त्याने भाव सांगितला. वहिनींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पिशवी भरून घेतली. परतताना बसमध्ये ती मांडीवर धरून बसल्या आणि शेजारणीने न विचारताच तिला सांगितलं, "वन्संसाठी आहे."

त्या दिवसांत घरात जेवायची वेळ नावाची गोष्ट पहिल्यांदा झाली. भाऊ होता तोवर वन्सं त्याच्याबरोबर जेवत आणि वहिनी डेपोतून आल्यावर ओट्याशी उभ्याउभ्या. आता सूप निवेपर्यंत समोरासमोर बसावं लागे. एकेक चमचा सावकाश घ्यायचा, तर मध्ये बोलावंही लागे.

आणि वन्सं नकला करत! चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं त्यांनी आवाजासकट सांभाळून ठेवली होती. नंबर वाढलाय हे कबूल न करणारा मास्तर. नवऱ्याला आवडेल तीच फ्रेम हवी म्हणून नवऱ्यालाच चार तास बाहेर उभं करणारी बाई. घरमालकाची नक्कल करताना तर त्या नुसती मान अशी आखडायच्या की तो दारात उभा आहे असं वाटावं. वहिनी हसून हसून पदराने डोळे पुसायच्या. एकदा हसता हसता त्या थांबल्या.

"हे तुम्ही यांच्यासमोर करायचात?"

"रोज रात्री! दादाला घरमालक फार आवडायचा. पोट धरून हसायचा."

वहिनींनी चमचा खाली ठेवला. आतल्या खोलीतलं ते हसणं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं, ओट्याशी उभं राहून. ते ऐकू येऊ नये म्हणून त्या नळ मोठा सोडायच्या. रविवारची ड्यूटी मागून घ्यायच्या.

"मला वाटायचं, तुम्ही दोघं मला हसता," त्या म्हणाल्या.

वन्सं पुढे वाकल्या. "तुम्हाला? का म्हणून?"

"काय माहीत. माझ्या बोलण्याला. खिडकीवरच्या बाईसारखं तोडून बोलते मी."

"अहो, मग आत का नाही आलात?"

"तुम्ही कधी बोलावलं नाही."

"घरातल्या माणसाला बोलावतात का, वहिनी? आम्हाला वाटायचं, तुम्हाला आमचा पोरकटपणा आवडत नाही. नळाचा आवाज वाढला की दादा म्हणायचा, हळू, ती दमून आलीय."

सूप गार झालं. वहिनींनी ते पुन्हा गरम केलं, पण वन्संना त्या दिवशी जास्त गेलं नाही.

नंतरही जास्त जाईना. आधी अर्धी वाटी, मग चार चमचे. मोडक्या टोकाची चांदणीही अडकायला लागली. डॉक्टरांनी दुर्बिणीने अन्ननलिका रुंद करून बघितली. ती पुन्हा मिटली. शेवटी अन्नासाठी थेट पोटातच नळी घातली. आता सगळं तिच्यातूनच जाणार होतं, आणि ते सगळं पांढरं पाणी होतं. आवाजही बसत गेला. मास्तर, फ्रेमवाली बाई, घरमालक, एकेक करून गप्प झाले.

पहिल्या दिवशी वहिनींनी नळीतून दूध सोडलं, वन्संची उशी सारखी केली आणि आपलं ताट घेऊन त्या ओट्याकडे निघाल्या. त्यांच्यासमोर जेवायचं म्हणजे छळच की! पण मागून थापांचा आवाज आला. वन्सं पलंगाच्या कडेवर हात आपटत होत्या. इकडे या, अशी खूण करत होत्या.

वहिनी जवळ गेल्या. वन्संनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"तुमच्यासमोर खाऊ?"

वन्संनी मान डोलावली. मग घशातून हवेसारखा आवाज काढला. वहिनींनी कान ओठांशी नेला.

"सांगा," वन्सं म्हणाल्या. "कसं झालंय."

वहिनी बसल्या. सूप घेतलं. आयुष्यभर गावांची नावं आणि सुट्टे पैसे एवढंच बोललेल्या त्यांना काय सांगावं ते सुचेना.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

वन्संनी भुवई उंचावली. पुढे?

"मिरी लागतेय. जरा जास्तच. आणि चांदण्या... एक चांगली शिजलीय, एक थोडी कच्ची आहे. दाताखाली येतेय."

त्यांनी दुसरा चमचा भरला, फुंकर घातली आणि तोंडाकडे नेला. पलंगावर वन्संचे ओठ किंचित उघडले, थांबले, आणि वहिनींच्या ओठांबरोबरच मिटले.