फाटक्या लेबलाचे डबे

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा पोळा नुकताच झाला होता. सेलूतल्या किराणा दुकानामागच्या स्वयंपाकघरात प्रमिलाबाई नवऱ्याच्या, मोतीलालच्या डाव्या पायाची पट्टी बदलत होती. अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती.

"वर्ध्याचा डॉक्टर मले चोर समजून राह्यला," मोतीलाल म्हणाला. "म्हने, शुगर उतरत नाई, लपून काय खाता?"

"त्याले सांगा, दोन साल झाले, माह्या घरी चहातबी साखर नाई."

आणि तिने नेहमीचा वाडगा पुढे केला. दुधात कालवलेलं डब्यातलं पौष्टिक पीठ. पिठाच्या कंपनीच्या ताराचंद एजंटने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, आजारी माणसाला याच्यासारखी ताकद नाही; गोड लागतो तो गव्हाचाच गोडवा. तेव्हापासून तिने नवऱ्याची सकाळची भाकर बंद केली होती. डबे घरच्या दुकानातलेच. लेबल फाटलेला, उंदराने कुरतडलेला माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, घरात वापरायचा, ही सासऱ्यापासूनची रीत.

त्या वाडग्याबरोबर असे डबे संपले, म्हणून सून हर्षाने दुकानातल्या फळीवरचा धड लेबलाचा डबा आणला. कॉलेज शिकलेली पोर. झाकण उघडता उघडता तिने बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि थबकली.

"आई, याच्यात साखर हाये. गव्हाच्या खालोखाल साखरच."

प्रमिलाबाईने नवऱ्याच्या हातातला वाडगा हिसकला आणि मोरीत उपडा केला. दोन वर्षं. रोज सकाळी. स्वतःच्या हाताने.

ती तडक दुकानात गेली. ताराचंद काट्यापाशी चहा पीत बसला होता.

"काऊन रे, गव्हाचा गोडवा म्हनत होता ना तू?"

"भाभी, साखर नाई असं कुठं म्हनलो मी? डब्यावर लिहून हाये ना."

"लिहेल डबा आमच्या घरात कधी आलाच नाई, मेल्या!"

पोत्यांवर खुणा करायचा काळा रंग आणि कुंचला तिने उचलला. फळीवरच्या एकेका डब्यावर ठसठशीत लिहीत सुटली : साखर. साखर. साखर.

मुलगा योगेंद्र गल्ल्यावरून ओरडला, "आई, गिऱ्हाइकासमोर काय तमाशा करून राह्यली! कोन घेईन हे आता?"

भिंतीला धरत मोतीलाल दारात आला होता. "लिहू दे तिले," तो म्हणाला.

दिवाळीआधी त्याचा डावा पाय घोट्यावरून कापावा लागला. पुढे नऊ वर्षं तो जगला. रोज सकाळी ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी खाऊन. ताराचंदने कंपनी बदलली. आता लहान मुलांचा नाश्ता विकतो. योगेंद्रने ते डबे रॉकेलने पुसून विकून टाकले. हर्षा आजही प्रत्येक पाकीट उलटं करून वाचते, तेव्हा तो तोंड फिरवतो.

प्रमिलाबाई अजून सकाळी पहिली भाकर थापते. मोतीलालच्या चपला तिने कोणाला दिल्या नाहीत. दाराशी दोन्ही आहेत. उजवी टाचेपर्यंत झिजलेली. डावी नवीच.