तांब्याला दोन खेकडे

गुरांचे डॉक्टर दुपारी येणार म्हटल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. गुरांच्या खाद्याच्या कारखान्यात आमचं चिलेट घ्यायचं की नाही, हे तेच ठरवणार होते. त्यांनी नाही म्हटलं, तर सासरे आमची शेड टायरवाल्याला भाड्याने देणार होते. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

चिलेट म्हणजे मोरचुदातल्या तांब्याला ग्लायसीन या अमिनो आम्लाने दोन्ही टोकांनी आवळून धरायचं, म्हणजे गुराच्या पोटात शिरल्यावर ते वाटेतच दुसऱ्या कुणाच्या तावडीत सापडत नाही. मापं घेणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला मी सोपं करून सांगितलं होतं, "ग्लायसीन म्हणजे खेकडा समज. तांब्याला दोन नांग्या लागतात."

डॉक्टरांसमोर मी काचेच्या नळीत आमचं चिलेट पाण्यात विरघळवून त्यात कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले. पक्कं धरलेलं तांबं यात सुटत नाही, पाणी नितळ राहतं. आमचं गढूळलं आणि तळाशी फिकट निळा साका बसला.

सासऱ्यांनी फोन काढून कानाला लावला.

"काय घातलंस तू?" मी धाकटीवर खेकसले.

"तुम्हीच म्हणालात ना ताई, दोन नांग्या. मग एका तांब्याला एकच खेकडा पुरे की. तेवढंच ग्लायसीन घेतलं."

मी कपाळावर हात मारला आणि मला हसूच फुटलं. पोरीचं गणित बरोबर होतं, माझी जीभ चुकली होती. "अगं, खेकडे दोन लागतात. चार नांग्या. अर्धं तांबं उघडंच राहिलं की."

"मग आत्ता घालू?" तिने डबा उघडलासुद्धा. नांगी टाकणारी बाई नाहीच ती.

तिने चमचाभर ग्लायसीन घातलं, मी नळी हलवू लागले. साका विरत गेला. पाणी गडद निळं झालं, शाईसारखं, आणि आरपार स्वच्छ. डॉक्टरांनी सोड्याची बाटली घेऊन स्वतः आणखी थेंब टाकले. पाणी जरासुद्धा गढूळलं नाही. मला नाचावंसं वाटत होतं.

"माल पाठवा," डॉक्टर म्हणाले. "मापं मात्र पुन्हा तपासा."

सासऱ्यांच्या कानाला फोन तसाच होता. पलीकडून टायरवाला शेड कधी मिळेल म्हणून विचारत होता.

"नाही हो, शेड रिकामी नाही," सासरे म्हणाले. "माझ्या सुनांचा कारखाना आहे तिथे."