सिंधुबाईंची स्प्रिंगांची यादी

सातपूरला किशोरशेठ सांगळ्यांचा स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना होता. २००२ साली शेठनी वेबसाइट काढायचं मनावर घेतलं, तेव्हा सिंधुबाईंना वाटलं, आपला यात काय संबंध? त्या ऑफिसात फोन घ्यायच्या, चलनं लिहायच्या. त्याआधी वीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. लग्नपत्रिका, हँडबिलं, इंग्रजी लेटरहेडं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पुढे खिळ्यांशिवायची ऑफसेट छपाई आली, छापखाना बंद पडला आणि बाई सातपूरला आल्या.

पण संबंध निघालाच. कोणत्या मापाच्या स्प्रिंगा तयार आहेत, ती यादी साइटवर दर आठवड्याला बदलायला हवी होती. शेठ सहज म्हणाले, ते काम सिंधुबाई करतील.

साइट बनवायला इंदिरानगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी मोहिनी येत असे. पंचविशीची, हसतमुख पोरगी. तिनं दोन सॉफ्टवेअर पाहायला आणली. पहिल्यात पान जसं दिसणार तसंच पडद्यावर मांडता यायचं. चित्र माउसनं उचलायचं आणि हवं तिथे ठेवायचं. दुसरं त्याहून भारी, नुसती बटणंच बटणं. शेठचा डोळा दुसऱ्यावर होता. मोहिनी म्हणत होती, काकूंना पहिलं सोपं जाईल. शेवटी ठरलं, की बाईंनीच दोन्ही वापरून बघावीत.

भारी सॉफ्टवेअरला बाईंनी हातच लावला नाही. पहिल्यात मात्र त्यांनी नेटानं एक माप बदललं, पण माउस जरा सरकला आणि अख्खा तक्ता तिरका झाला. सरळ करायला गेल्या, तर स्प्रिंगचा फोटो कारखान्याच्या नावावर जाऊन बसला. मोहिनी हसत म्हणाली, होतं असं सुरुवातीला. बाई मात्र कानकोंड्या झाल्या. आपलं वय झालं, हे त्यांनी मनोमन कबूल करून टाकलं.

बिघडलेलं पान दुरुस्त करायला मोहिनीनं ते नोटपॅडमध्ये उघडलं. रंग नाही, चित्र नाही, नुसता मजकूर आणि मध्ये मध्ये टोकदार कंसांत इंग्रजी अक्षरं. बाई उठून जाणार होत्या, त्या खुर्चीच्या मागे थबकल्या.

"हा कंसातला बी म्हणजे इथून ठळक टाइप सुरू?" त्यांनी विचारलं.

मोहिनीनं मान वळवून पाहिलं. "हो. आणि तिरकी रेघ असलेला बी आला की ठळक संपलं."

"मग या ओळीत संपलेलंच नाही की. खालची सगळी यादी ठळक होईल."

मोहिनीनं ओळ तपासली. खरंच तिरकी रेघ राहून गेली होती. बाई आता शेजारी स्टूल ओढून बसल्या. खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचून प्रूफ काढायच्या आधीच चूक धरणारी ती नजर; तिला हे सरळ मांडलेलं पान म्हणजे काहीच नव्हतं. मजकूर मधोमध आणायची खूण कुठली, ओळ कुठे तुटते, तक्त्याचं घर कुठे मिटतं, हे त्यांनी विचारून घेतलं आणि एका जुन्या चलनामागे टिपून ठेवलं. मग स्वतः कीबोर्ड ओढून तीन मापं बदलली. पान उघडलं तर तक्ता जागच्या जागी होता.

"मला हेच द्या," त्या शेठना म्हणाल्या. "इथे माझा शब्द मला दिसतो. हात लावीन तेवढंच हलतं."

शेठना ते पटेना. जगभर लोक नवीन नवीन घेतात आणि आपण फुकटचं नोटपॅड? पण मोहिनीनं बाईंची बाजू घेतली. पान ज्याला दर आठवड्याला हाताळायचं, त्यालाच निवडू द्यावं, असं ती ठामपणे म्हणाली. शेठनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हरकत सोडली.

पुढच्या सोमवारपासून यादी वेळेवर बदलू लागली. दिवाळीआधी राजकोटच्या एका गिऱ्हाइकाचं ईमेल आलं, की बाकीच्यांच्या साइटवर जुनाच माल दिसतो, तुमचं पान मात्र ताजं असतं. शेठनी ते छापून ऑफिसच्या भिंतीला लावलं. बाईंनी आधी त्यातलं स्पेलिंग तपासलं, मग खूश झाल्या.

मोहिनी दर शनिवारी क्लास सुटला की सातपूरची बस धरायची. दोन वर्षं आपण मुलांना फक्त माउस फिरवायला शिकवलं, असं तिनं एकदा हसत हसत कबूल केलं. बाई चिवड्याचा डबा उघडायच्या आणि दोघी मिळून, एकेक ओळ बोट ठेवून, नोटपॅडमधली पानं वाचत बसायच्या.